खांबाचा मान

गावात कुणाकडे पाटीलकी असते, कुणाकडे पोळ्याला पहिली बैलजोडी मिरवायचा मान असतो. आमच्या घराण्याकडे खांब आहे. हसू नका. नरसिंह जयंतीला आमच्या गावात सोंगं निघतात. त्यात हिरण्यकशिपू ज्याला लाथ मारतो आणि ज्याच्यातून नरसिंह बाहेर पडतो, तो खांब उभा करण्याचा मान आमचा. माझ्या आज्याने खांब केला, बापाने केला, आणि बापाचे गुडघे गेल्यापासून मी, म्हणजे मच्छिंद्र मास्तर, गावच्या शाळेचा एकमेव शिक्षक, करत आलो होतो.

खांब करणं म्हणजे काय हे केल्याशिवाय कळत नाही, तरी सांगतो. बांबूच्या कामट्यांचा एक उंच पोकळ सांगाडा. त्यावर कागदाचे थर, वर चुना आणि गेरूचे पट्टे. आत दोन माणसं. पुढे नरसिंह, म्हणजे शेजारचा धर्मराज. तो मान त्याच्या घरचा. त्याच्या पाठीशी चिकटून, दोन्ही हातांत दोर धरून सांगाडा उभा ठेवणारा तो खांब, म्हणजे मी. वैशाखातलं ऊन, कागदाची भिंत, आणि नाकासमोर आयुष्यभर भाकरीबरोबर कांदा खाल्लेला धर्मराज. दिवस मावळताना लाथ बसली की मी दोर सोडायचा. खांब दुभंगायचा, धर्मराज डरकाळी फोडून बाहेर पडायचा, आणि मी कागदाखाली तोंड झाकून निपचित पडून राहायचं. फुटलेल्या खांबात शाळामास्तर दिसला तर सोंगाचा विचका होतो. लोक नरसिंहाच्या पाया पडतात, खांबाच्या कुणी पडत नाही. पण मी म्हणतो, खांबच नसेल तर नरसिंह काय रांजणातून निघणार आहे?

यंदा माझी कंबर कुरकुरायला लागली होती, म्हणून खांब पोराच्या हवाली करायचं मी ठरवलं. पोरगा म्हणजे बद्रीनाथ. मिसरूड फुटलेलं, जालन्याला मामाकडे राहून शिकणारं. चैत्रात परीक्षा देऊन आला तो वेगळाच होऊन आला. केसांचा भांग डावीकडचा उजवीकडे गेला होता आणि तोंडात सारखी कसलीतरी चाल. जालन्यात तेव्हा बोलपटाचा तंबू नवा नवा लागला होता, आणि आमचे चिरंजीव तिथे मेखेसारखे रोवले गेले होते, हे मेहुण्याकडून मागाहून समजलं.

जेवताना मी घसा साफ केला आणि म्हणालो, "बद्री, यंदापासून खांब तुझा."

मला वाटलं, पोरगा उठून पाया पडेल. मी माझ्या बापाच्या पडलो होतो. तो आमटीत भाकरी कुस्करत म्हणाला, "आप्पा, खांबाला बोल किती?"

"बोल कसले? खांब कुठं बोलत असतो का?"

"मंग मला न्हाई जमायचं. तिकडं पडद्यावरची चित्रं बोलून राह्यलीत, गाऊन राह्यलीत, अन् आपला खांब पणज्यापासून मुकाच!"

"अरे, त्या नुसत्या सावल्या! हात लावला तर पडदा हाती लागंल."

"अन् खांबाला हात लावला तर रद्दी."

यावर झुंबर, म्हणजे बद्रीची आई, खुदकन हसली. ज्या घरातली बाई खांबाला हसते त्या घराचं काय व्हायचं, असं म्हणून मी हात धुवून उठलो. भूक तशीच राहिली होती, पण उठल्यावर परत बसता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराज ओट्यावर हजर. आमच्या घरात भांडं पडलं की त्याच्या घरात आवाज जातो.

"मास्तर, पोराचं लगीन करून टाका," तो तंबाखू मळत म्हणाला. "लगीन झालं की माणूस आपोआप खांब होतो. मला बघा."

"आणि नाही ऐकलं तर?"

"मंग आमचा कडूबा हाय ना. सख्खा पुतण्या. उभा राह्य म्हणलं की दिवसभर उभा राहतो. का म्हणून इचारत बी न्हाई."

आमच्या गावचा रिवाज कडक आहे. जयंतीला दिवस मावळायच्या आत ज्या घरचा माणूस उभा राहणार नाही, त्या घरचा मान दुसऱ्या घरी जातो, आणि गेलेला मान परत येत नाही. प्रल्हादाचा मान एका घराकडून पोराला गोवर निघाला म्हणून गेला. ते लोक आता नुसती प्रसादाची डाळ वाटतात. धर्मराजाचा डोळा आमच्या खांबावर फार दिवसांचा होता. खांब आणि खांबातला, दोन्ही एकाच घरचे झाले की आतली कटकट संपेल असं तो उघड म्हणायचा. कटकट कोण करतं, हे तो सांगायचा नाही.

मग गावाचा सल्ला सुरू झाला. पलीकडच्या दुर्गाबाईंनी निदान केलं की पोराला तंबूतली नजर लागली आहे. त्यांनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडायला लागल्या तशी बद्रीने त्या तालावर बोलपटातलं गाणं धरलं, आणि दुर्गाबाईच मान डोलवायला लागल्या. दुकानदार दीपचंद शेठ म्हणाला, "मास्तरसाब, गिऱ्हाईक मागतं ते दुकानात ठेवावं. छोरा बोल मांगतो ना? एक बोल देऊन टाका."

बद्रीलाही तेच हवं होतं. सोंगात काकासाहेब पाटील हिरण्यकशिपू होतात. ते प्रल्हादाला विचारतात, "या खांबात आहे का तुझा देव?" प्रल्हाद नुसता हात जोडतो, थोडा वेळ सगळं शांत, मग लाथ.

"तिथं, आप्पा, खांबातून आवाज यील. 'आहे!' बस. एकच शब्द. दीपचंद शेटच्या गाण्याच्या फोनोचा भोंगा आत घेतो. गाव हादरंल!"

"पाहू," मी म्हणालो.

आमच्या घरात 'पाहू' म्हणजे 'नाही'. माझा बाप 'पाहू' म्हणाला की मी विषय सोडून देत असे. पण नवीन पिढीला घरची भाषा राहिली नाही. बद्रीने उडी मारली आणि तो कामट्या आणायला पळाला.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला खांब म्हणायचा की लंका, हे तुम्हीच ठरवा. बाहेर वाऱ्याने कागद उडतो म्हणून बद्रीने सांगाडा सोप्यातच बांधायला घेतला. बोलपटातल्या महालाचे खांब केवढे असतात हे तो हात पसरून दाखवायचा आणि पसरलेल्या हातांइतकं माप धरायचा. गेरूचे पट्टे गेले, सोनेरी बेगड आला. झुंबरच्या चोळ्यांचे आरसे खांबाला लागले आणि ती, जी मला कधी एक आरसा काढू देत नसे, स्वतः खळ शिजवून द्यायला लागली. मधूनच खांबातून भोंग्याचा आवाज येई, "आहे!", आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडी. मी लक्ष नाही असं दाखवत वर्तमानपत्र वाचत बसे. खरं सांगायचं तर, बेगड चढला त्या दिवशी मी वर्तमानपत्र उलटं धरलं होतं असं झुंबर म्हणते.

आता इजाजतीची भानगड राहिली होती. आमच्या मुलुखात चार माणसं जमवायची तर सरकारची इजाजत लागते, सोंगांना तर लागतेच. गावात उर्दू लिहिणारा मीच, म्हणून दर साली अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत मीच जातो. यंदा अर्ज तपासणारा पेशकार नवा होता. त्याने अर्ज वाचला आणि भुवया वर नेल्या.

"ये हिरण्य... ये कौन?"

"राजा, साहेब."

"आखिर में क्या होता इसका?"

"आखिर में मरता."

पेशकाराने लेखणी खाली ठेवली. "बादशाह मरता? सबके सामने?"

"तसा तो राक्षस हाय, साहेब!"

"तो राक्षस लिखो ना! राजा कायकू लिखे?"

मी राजा खोडून राक्षस केला. काकासाहेब पाटील सरकारदरबारी राक्षस म्हणून नोंदले गेले ते असे.

"नरसिंह. बाप का नाम?"

"त्याला बाप न्हाई, साहेब."

"रहता कहाँ?"

"खांबात."

त्याने पत्ता लिहून घेतला. मग बोट पुढे सरकलं. "और ये खंबा कौन?"

"मी." मी ताठ झालो. अर्जात जुन्या सवयीने माझंच नाव गेलं होतं.

"बोलता?" "न्हाई." "हिलता?" "न्हाई." "फिर काट दो. बेजान चीजां आदमियों में नहीं आते."

पोरं ज्याला पाहून चळाचळा कापतात तो मी, बेजान! मी वाद घातला, पिढ्या सांगितल्या, आज्याचं नाव घेतलं. अखेर त्याने माझं नाव सामानाच्या रकान्यात, ढोल आणि दिवट्या यांच्या मधे बसवलं. अपमान होता, पण नोंद झाली.

"इस साल कुछ नया है?" त्याने जाता जाता विचारलं.

दुखावलेला माणूस नको तिथे छाती काढतो. "एक लफ्ज नया न्हाई, साहेब!" मी गरजलो. "बापजाद्यांपासून जसं हाय तसंच!"

"लिख के देव. पुलिस का जवान आके बैठेगा. एक लफ्ज नया हुआ तो सोंगां बंद. हमेशा के लिए."

मी ऐटीत लिहून दिलं. बैलगाडी तालुक्याचं भोकरदन सोडून हसनाबादच्या वाटेला लागली, नदीवर बैल पाणी प्यायला थांबले, तेव्हा मला ते 'पाहू' आठवलं.

घरी येऊन बद्रीला सांगितलं. त्याने भोंगा काढून दीपचंदाला नेऊन दिला आणि ट्रंक भरायला घेतली. जयंतीच्या दिवशीच दीपचंदाची सरकीची लॉरी जालन्याला जायची होती आणि तंबूत नवा बोलपट लागायचा होता.

"तुम्हाला तुमचा खांब लखलाभ, आप्पा. मी चाललो."

"जा! मी अजून मेलेलो नाही. मीच उभा राहतो!"

जयंतीला दुपार कलली तशी खांब देवळासमोर न्यायला माणसं जमली. आणि मग जे गावातल्या आंधळ्याच्याही ध्यानात आधीच यायला हवं होतं ते आमच्या ध्यानात आलं. खांब दारातून बाहेर निघत नव्हता. उभा निघेना, आडवा निघेना. कुणी म्हणे तिरपा करा, कुणी म्हणे तेल लावा. धर्मराज म्हणाला, "घर उचला." शेवटी मी आतून लोटायचं आणि धर्मराज नि कडूबाने बाहेरून ओढायचं असं ठरलं. जोर लावला. एकदम चौकट, चौकटीबरोबर भिंतीचा पोपडा, आणि त्यामागून खांब असे बाहेर आले. त्याच वेळी माझ्या कमरेत कटकन झालं आणि मी सोप्यात आडवा झालो.

झुंबरने एरंडाचं पान शेकून कमरेवर ठेवलं. मला कूसही बदलता येत नव्हती. जिथे दार होतं त्या भगदाडातून धर्मराजाचं तोंड आत आलं.

"मंग मास्तर? दिवस तर उतरून राह्यला. कडूबाला तयार हो म्हणू का?"

त्याच्यामागे कडूबा हसत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कमरेचं नव्हतं. आज्याचा खांब माझ्या हातून जाणार, आणि तोही का, तर दार अरुंद म्हणून!

तेवढ्यात दीपचंदाच्या दुकानासमोरून लॉरीचा भोंगा वाजला आणि बद्री ट्रंकेसकट धावत आला. खांब बाहेर निघाला म्हणून कुणीतरी त्याला सांगितलं होतं. एक आरसा निखळला होता, तो त्याने उचलला, थुंकी लावून चिकटवून पाहिला. मग त्याला कडूबा दिसला.

"हा? माझ्या खांबात हा? बिलकुल न्हाई! याला दोर सोडायचा का ओढायचा ते बी कळायचं न्हाई."

"बद्री," मी पडल्यापडल्या म्हणालो, "मुकं राहावं लागंल. मी लिहून देऊन आलोय रे."

लॉरी पुन्हा वाजली. त्याने लॉरीकडे पाहिलं, बेगडाकडे पाहिलं.

"राहतो मुका. शब्द देतो. पण आप्पा, हे काही बराबर न्हाई."

लॉरी गेली. ट्रंक ओट्यावर राहिली.

मला बाजेवर घालून देवळासमोर नेलं आणि पार पुढे, कचेरीतून आलेल्या जवानाशेजारी ठेवलं. आणि तिथे पडल्यापडल्या मला एकदम उमगलं, की मी सोंगं कधी पाहिलीच नव्हती! लहानपणी आईच्या मांडीवर होतो तेव्हा नरसिंहाच्या भीतीने डोळे गच्च मिटलेले. मोठा झालो तो थेट खांबात गेलो. आयुष्यभर ज्यासाठी भांडलो, ते मी आजवर फक्त धर्मराजाच्या पाठीमागून ऐकलं होतं.

आणि काय होतं ते! काकासाहेबांना लोकरीच्या मिशा होत्या, खांद्यापर्यंत! मला आतून वाटायचं, ते नुसते खेकसतात. ते तर नाचत होते, डोळे फिरवत होते, पाय आपटला की धूळ उडत होती. प्रल्हाद झालेलं पोर एवढंसं. आणि मधोमध खांब. मावळतीचं ऊन बेगडावर पडलं होतं, आरसे लखलखत होते, बाया बोट दाखवत होत्या. "तो आमचा खांब!" मी जवानाला सांगितलं. "तो पोरगा आहे माझा! म्हणजे दिसत नाही, पण आहे!"

"चुप बैठो, मास्तर," जवान म्हणाला. पुढचं त्यालाही ऐकायचं होतं.

काकासाहेब खांबासमोर आले. ढोल थांबला. "सांग कार्ट्या! या खांबात आहे का तुझा देव?"

आणि शांतता. ही शांतता मला चांगली ठाऊक होती. आत असताना त्या वेळात मी नाकावरचा घाम खांद्याला पुसून घेत असे. बाहेरून ती अशी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं! सगळं गाव श्वास रोखून बसलेलं. त्या पोराचा ओठ थरथरत होता. त्याच्या बाजूने बोलायला कुणीच नाही, आणि खांबात माझा बद्री, तोंडाशी आलेला शब्द माझ्यासाठी गिळून उभा. मला ते सहन होईना. बोला रे कुणीतरी, बोला!

"आहे!" कुणीतरी ओरडलं. "आहे रे, आहे! आतच आहे!"

तो मी होतो. मी बाजेवर उभा होतो, कमरेसकट. एरंडाचं पान जवानाच्या मांडीवर पडलं होतं. आणि माझ्यामागून अख्खं गाव उठलं, "आहे! आहे!" काकासाहेबांना आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. ते लाथ विसरून आमच्याकडे बघत राहिले. मग भानावर येऊन त्यांनी अशी लाथ हाणली की खांब फुटला, बेगड उडाला, आणि धर्मराजाने त्या गजरात अशी डरकाळी फोडली की त्याच्या स्वतःच्या बायकोने डोळे झाकले.

गलका ओसरला तेव्हा जवान माझ्यासमोर उभा होता. "मास्तर, तुम बोले ना? ये तो नया है. अर्ज में नहीं है."

सोंगं बंद, हमेशा के लिए, आणि तीही माझ्या तोंडाने! तेवढ्यात मांडीवर काकासाहेबांना घेऊन बसलेला नरसिंह गुरगुरला, "नया कायकू? हर साल बोलते! बापजाद्यां से!" तो धर्मराज होता. मी खांबात त्याला इतकी वर्षं कोपरं मारली होती. ती सगळी कटकट विसरून तो माझ्यासाठी देवाच्या तोंडाने खोटं बोलला. जवानाने नरसिंहाच्या लाल नखांकडे पाहिलं, हात जोडले आणि वाद घातला नाही. त्याचा आवाज मात्र बसला होता. तोही आमच्याबरोबर ओरडत होता, हे दुर्गाबाईंनी पाहिलं होतं.

कागदाखालून बद्री निघाला तो घामाने निथळत. भांगाचा पत्ता नव्हता.

"आप्पा! आतून काय मजा येती हो! साऱ्या गावाचा श्वास ऐकू येतो! तंबूत न्हाई येत असा!"

"अरे, बाहेरून बघ तू! काकासाहेबांच्या मिशा पाहिल्यास का?"

"तुम्ही ओरडले ना, माझ्या हातातून दोर सुटत हुता!"

दोघंही एकदम बोलत होतो, कुणीच ऐकत नव्हतं. मी त्याला जवळ ओढलं. मला भारी आनंद झाला होता, आणि तो लपवायची मी काही खटपट केली नाही.

पुढे मी त्याच्याबरोबर जालन्याच्या तंबूतही गेलो. पडद्यावर एक दुष्ट माणूस सुरा घेऊन मागून येत होता आणि नायकाला पत्ताच नव्हता, तेव्हा मी उभा राहून त्याला सावध केलं. तंबूवाला म्हणाला, पुन्हा या, पण मागे बसा. आता महिन्यातून एकदा मी लॉरीत बसून जातो. बद्री येत नाही, त्याला मामाकडे कामट्या तासायच्या असतात.

परवा पुन्हा चैत्र लागला. जेवताना मी घसा साफ केला.

"बद्री, मी म्हणतो, यंदा दीपचंदाकडून भोंगा आणावा. जवान काही म्हणणार नाही, आता 'आहे' रिवाजातलंच झालंय. लोक ओरडण्याआधी तो शब्द खांबातूनच आला तर काय बहार येईल!"

त्याने घास खाली ठेवला. "आप्पा, काय बोलून राह्यले तुम्ही? पणज्यापासून आपला खांब मुका हाय. रिवाज म्हणून काही हाय का न्हाई?"

झुंबर खुदकन हसली. आमटीत भाकरी कुस्करत मी म्हणालो, "एकच शब्द रे."

"पाहू," तो म्हणाला, थेट माझ्या बापाच्या आवाजात.

मी विषय सोडून दिला.